कामाचं बोलणं धाग्यात बसवताना: १५ जण, ३ तालुके आणि एक ‘हो’

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. हा धागा कधीचा काढायचा होता, पण कापूस घरात आल्याशिवाय आमच्याकडे कोणाचे हात मोकळे होत नाहीत.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत आहे. नाव सांगत नाही, पुढे जे सांगणार आहे त्यात शोभा आमचीच आहे. आम्ही १५ जण. ९ पोरं-पोरी गावोगाव फिरणाऱ्या, समुद्रपूर, हिंगणघाट आणि नदीपलीकडे राळेगाव अशा तीन तालुक्यांत. दोघं गोदामावर. हिशेब पाहणारी ताई नागपूरला घरून काम करते, पीकसल्ला देणारे सर अकोल्यात बसतात, सीईओ साहेब महिन्यातले पंधरा दिवस पुण्यात. आणि मी, या सगळ्यांच्या मधला दोरा. सगळे एका छताखाली येतो ते वर्षातून एकदा, आमसभेला. तेही जेवणाच्या वेळेला.

इतकी वर्षं सगळं काम एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालायचं. चालायचं म्हणजे रेटायचं.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर, वेचणी जोरात. संध्याकाळी पावणेआठला गोदामाच्या काकाजींनी लिहिलं, ‘उद्या समुद्रपूरच्या गाड्या आणू नका, जिनिंगचं आवार भरलं.’ (जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना.) त्यानंतर सात मिनिटांनी हिशेबाच्या ताईच्या पोराच्या वाढदिवसाचा केक आला. मग ४३ शुभेच्छा. मी नंतर बसून मोजल्या, रागारागात. त्या ४३ मध्ये अकोल्याच्या सरांनी विचारलं, ‘तुरीवरच्या फवारणीचं पत्रक पाठवू का?’ इकडे समुद्रपूरकडच्या आमच्या पोरानं साडेनऊला विचारलं, ‘उद्या गाड्या पाठवू ना?’ त्याच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते, म्हणून त्याचा मेसेज घड्याळाच्या चिन्हासकट खिशातच पडून राहिला आणि तो पाळीवर गेला तेव्हा, म्हणजे १०:५० ला, ग्रुपवर पोचला. ११ वाजता पुण्याहून सीईओ साहेबांनी सरांच्या पत्रकाला उत्तर दिलं: ‘हो. पाठवा.’

पोरानं सकाळी पाहिलं तर त्याच्या प्रश्नाच्या बरोब्बर खाली ‘हो. पाठवा.’

११ शेतकऱ्यांचा कापूस, चार ट्रॉल्या. दिवसभर फाटकाबाहेर उभ्या, मग रात्रभर. दोन ट्रॉल्यांवर ताडपत्री नव्हती. दव पडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्याच्यापुढे टक्क्यागणिक कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. एक ट्रॉली सकाळी १२ च्या वर गेली. वाढीव भाडं कंपनीनं भरलं, पण त्यातले दोन काका पुढचा पूर्ण हंगाम माझ्याशी बोलले नाहीत. एक अजूनही ‘काय म्हणते तुमचा हो?’ असं विचारतात.

यात चूक कोणाची? मी खूप शोधली. काकाजींनी वेळेत कळवलं होतं. पोरानं विचारलं होतं. साहेबांनी उत्तर दिलं होतं. चौघंही आपापल्या जागी बरोबर, आणि कापूस दवात.

तेव्हा मी पहिला उपाय केला तो येडपटासारखा. एकाचे सात ग्रुप केले. खरेदी, बियाणं, हिशेब, समुद्रपूर, राळेगाव, शुभेच्छा, आणि एक ‘फक्त महत्त्वाचे’. महिन्याभरात शुभेच्छांचा ग्रुप सुनसान आणि ‘फक्त महत्त्वाचे’वर केक. वर कोणती गोष्ट कुठं लिहिली ते शोधायला सात विहिरीत वाकून पाहायचं.

खरं वळण काकाजींनी दिलं. ते आधी तलाठी कार्यालयात कोतवाल होते, आयुष्य दप्तरात गेलं. एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, ‘बापा, तुमच्या मोबाईलमंधी सारे फेरफारच फेरफार हायेत. सातबारा कुठी हाये?’

मला दोन मिनिटं लागली समजायला. गावच्या दप्तरात फेरफार नोंदवही वेगळी, गाव नमुना ६. कोणी विकलं, कोण वारलं, कोणाचं नाव चढायचं, ते तिथं क्रमांक टाकून लिहायचं, नोटीस काढायची, हरकतीला १५ दिवस द्यायचे, मग नोंद मंजूर. आणि मंजूर झाल्यावरच ती सातबाऱ्यावर चढते. शेत कोणाचं हे पाहायला कोणी फेरफाराची अख्खी वही वाचत नाही, सातबारा पाहतो. पण सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो, म्हणजे ‘हे असं कसं झालं?’ विचारलं की मागे जाता येतं.

आमच्या ग्रुपवर बोलणं भरपूर होतं, ठरलेलं एका जागी कुठंच नव्हतं.

मग टेलिग्रामवर गेलो. तिथं २०२२ च्या शेवटापासून एकाच ग्रुपच्या आत वेगवेगळे टॉपिक करता येतात. प्रत्येक टॉपिक म्हणजे एक धागा. त्याला नाव, त्याचं बोलणं त्याच्यातच, नको तो गप्प करून ठेवता येतो, काम झालं की बंद करता येतो. अॅप कोणतंही घ्या, माझं त्यावर भांडण नाही. आमच्या कामाला आले ते दोनच नियम.

पहिला, धाग्याच्या नावातच गाव, विषय आणि तारीख. ‘अर्जंट’, ‘महत्त्वाचे’, ‘कापूस’ ही नावं बंद. ‘समुद्रपूर, उद्याच्या गाड्या, १४ नोव्हेंबर’ असं नाव. त्या नावाच्या खाली तुरीचं पत्रक येऊच शकत नाही, आणि आलं तर डोळ्यात खुपतं.

दुसरा, ज्यानं धागा काढला त्यानंच शेवटी एक ओळ लिहायची आणि ती ‘ठरलं:’ या शब्दानं सुरू करायची. ‘ठरलं: उद्या समुद्रपूरच्या गाड्या नाहीत. परवा सकाळी ८ नंतर, आधी फोन.’ झालं. हा शब्द आम्ही दुसऱ्या कशालाही वापरत नाही. शोधच्या खान्यात ‘ठरलं:’ टाकलं की वर्षभराचे निर्णय खडाखडा समोर. काकाजी त्याला सातबारा म्हणतात.

एक नमुना देतो, म्हणजे हवेत बोलतो असं वाटणार नाही. मागच्या सप्टेंबरचा धागा. नाव: ‘राळेगाव, बोंडअळी सापळे, सप्टेंबरचा दुसरा आठवडा’. पोरीनं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं, ‘चार शेतांतले सापळे मोजले. तीन दिवसांचे आकडे ६-७-९, ८-१०-११, २-३-३, ९-८-१२. फवारायचं का? सर, उद्या दुपारपर्यंत सांगा, शेतकरी दुकानात जायला निघालेत.’ सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग ही नुकसानीची पातळी. सरांनी रात्री पाहिलं, विचारलं, ‘दुसऱ्या अन् चौथ्या शेतातली हिरवी बोंडं फोडून पाहिली का?’ तिनं सकाळी फोडली, फोटो टाकले. ११ वाजता: ‘ठरलं: शेत २ आणि ४ ला फवारणी, १ ला परत तीन दिवस मोजणे, ३ ला काही नाही.’ पाच मेसेज. एकही फोन नाही. सर अकोल्यात, पोरगी बांधावर, आणि दोघंही एका वेळी ऑनलाइन नव्हते.

आता तुम्ही सांगा. तुमची टीम पांगलेली असेल तर कसं करता? आणि आमच्यात कुठं भोक दिसतं?

---

ठेचा_भाकर | सोमवार, रात्री ९:४०

लय भारी लिहिलं भाऊ. ‘काय म्हणते तुमचा हो’ वाचून ठसका लागला.

---

कायच्याकाय | सोमवार, रात्री १०:०५

माफ करा, पण हे सगळं टाइप करणाऱ्या लोकांचं आहे. माझ्याकडे सहा पोरं आहेत ठिबकच्या जोडणीवर, घाटंजी-आर्णी पट्ट्यात. एकही जण चार ओळी लिहीत नाही. दोन मिनिटांचा व्हॉइस पाठवतात, त्यात पहिलं दीड मिनिट ‘हं भाऊ, ते काय झालं ना’. यांना शीर्षक द्यायला सांगू?

---

पऱ्हाटी | सोमवार, रात्री १०:३१

@कायच्याकाय, व्हॉइस बंद करू नका, आम्हीही केला नाही. फक्त त्याच्याखाली एक ओळ लिहायची सक्ती केली. ‘पंप बसला, फिल्टर नाही’ एवढीच. आवाजात शोधता येत नाही ही खरी अडचण आहे, ऐकणाऱ्याला दोन मिनिटं द्यावी लागतात ती वेगळीच.

आणि फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं ते त्यांना दाखवा. आमची अर्धी पोरं तसंच लिहितात. वऱ्हाडी बोललं की गंमत होते. मी ‘पऱ्हाटी वाळली’, म्हणजे कपाशी वाळली, म्हणालो तर त्यानं ‘परत आली’ लिहिलं. सरांनी विचारलं, कोण आली?

---

पुसदचा_परतलेला | सोमवार, रात्री ११:१८

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून पुसदला आलो तो परत गेलोच नाही. तुमच्या काकाजींना माझा दंडवत सांगा, कारण त्यांनी जे सांगितलं तेच आमच्या क्षेत्रातले लोक वेगळ्या वाटेनं शोधून बसलेत.

अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणून एक संस्था आहे, १९९९ ची. जगभरचे लोक मिळून सॉफ्टवेअर बनवतात, बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. त्यांच्याकडे मतदान किमान ७२ तास खुलं ठेवायची पद्धत आहे. कारण कोणी अमेरिकेत झोपलेला, कोणी जपानात जागा, कोणाचा रविवार. आणि लहानसहान बाबींत कोणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मान्य धरायचा. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस आणि हे ७२ तास, नातेवाईकच. त्यांचा आणखी एक दंडक असा की फोनवर, चहावर काहीही बोला, पण जे मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, आलं नाही ते झालंच नाही असं धरायचं. लिनक्स या संगणकप्रणालीचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, तेही आजतागायत मुख्यतः ईमेलच्या धाग्यांवरच घडतं. म्हणजे भारी अॅप नसलं तरी भागतं.

अॅपबद्दल थोडं, कारण विचारणार कोणीतरी. व्हॉट्सअॅपवर मेसेज पिन करता येतो, पण जास्तीत जास्त ३० दिवस. तुमचा सातबारा महिन्यानं उडणार. स्लॅकच्या फुकट खात्यात ९० दिवसांपूर्वीचं दिसत नाही, म्हणजे खरिपात ठरलेलं रब्बीत गायब. झुलिप नावाचं एक आहे, २०१५ पासून त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्यात मेसेज लिहिताना वर विषय लिहायची जागाच असते, विषय संपला की त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करता येते आणि चुकीच्या जागी पडलेला मेसेज उचलून दुसऱ्या विषयात टाकता येतो. हे शेवटचं फार कामाचं. लोक चुकीच्या जागी लिहिणारच. त्यांना रागवण्यापेक्षा मेसेज हलवणं सोपं.

एक भोक मात्र दिसलं. धागा काढणाराच ‘ठरलं’ लिहिणार, आणि तोच आजारी पडला तर?

---

लाईनमन_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६:२५

पुसदवाल्या भाऊंनी विचारलं म्हणून लिहितो. मी ३१ वर्षं खांबावर काढली. आमच्यात ११ केव्हीच्या लाइनवर चढायचं तर आधी सबस्टेशनला फोन करून परमिट घ्यायचं. ऑपरेटर रजिस्टरात नाव, फीडर, वेळ लिहितो, लाइन बंद करतो, तुम्हाला वाचून दाखवतो. काम झालं की परमिट परत करायचं, आणि ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. दुसऱ्यानं कितीही सांगितलं ‘झालं काम, करा चालू’, तरी ऑपरेटर बटनाला हात लावत नाही. लावला तर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. लिहीत नाही इथं.

तेव्हा आजारी पडला म्हणून दुसऱ्यानं परस्पर ‘ठरलं’ लिहू नये. आधी ज्याचा धागा त्याला फोन लावा, त्याच्याकडून हवाली करून घ्या, अन् तसं धाग्यात लिहा. ‘अमुकच्या सांगण्यावरून मी बंद करतो, ७:४०.’ वेळ लिहायची. दोन शब्द जास्त गेले तरी चालतील.

---

पऱ्हाटी | मंगळवार, सकाळी ७:०२

काका, हे आजपासून लागू. धन्यवाद. मागच्याच महिन्यात आमच्याकडे एकाच्या धाग्यात दुसऱ्यानं ‘ठरलं’ लिहिलं आणि बारदाना दोनदा आला. गोदामात अजून पडून आहे.

---

भुलाबाई | मंगळवार, दुपारी १:४७

सगळं वाचलं. मी मेळघाटात बचत गटांच्या कामात आहे, धारणी तालुका. माझ्यासोबत २२ ताया आहेत, गावोगावच्या. दोन गोष्टी खटकल्या, स्पष्ट लिहिते.

पहिली. ‘हरकत नाही आली तर मान्य’ हे अमेरिकेत चालत असेल. आमच्या गावात गप्प बसणं म्हणजे होकार नसतो हो. सासऱ्यासमोर सून गप्प असते, सरपंचासमोर मजूर गप्प असतो. तो होकार आहे का? बहुतेक वेळा ते ‘करा तुम्ही, मी नाही येत’ असतं. माझ्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘शुक्रवारी सगळ्यांनी हिशेबाच्या वह्या घेऊन या, कोणाला अडचण असेल तर सांगा.’ कोणी काही बोललं नाही. शुक्रवारी आल्या ७ जणी. बाकीच्यांचा शुक्रवार हा बाजाराचा दिवस. का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, मॅडमनं लिहिलं होतं ना, मग काय बोलायचं.

दुसरी. लिहिलेलं राहतं, हे तुम्ही फायदा म्हणून सांगता. एका ताईनं ‘अनुदान’चं ‘अनदान’ लिहिलं आणि कोणीतरी हसण्याचं चिन्ह टाकलं. एकच. त्या दिवसापासून ती ताई चार महिने काही लिहीत नाही, फोन करते. तिची मातृभाषा कोरकू, मराठी तिनं शाळेत शिकली, तीही सातवीपर्यंत. तुमच्या धाग्यात ती कुठं बसते?

---

कायच्याकाय | मंगळवार, दुपारी २:१०

ताई, बरोब्बर. माझी पोरंही याच भीतीनं व्हॉइस पाठवतात वाटतं. मी आळस समजत होतो.

---

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री ८:५५

भुलाबाई, दुपारपासून तुमचंच डोक्यात आहे. आमच्या ९ जणांतल्या दोघी पोरी धाग्यात क्वचित लिहितात, आणि मी त्याला ‘कामात असतील’ म्हणून सोडून देत होतो. आज एकीला फोन लावला. म्हणाली, ‘भाऊ, तुमी सारे लिवता तसं मले जमत नाई.’ आमचं चार चांगल्या ओळींचं कौतुक तिला वजन वाटत होतं.

गप्प बसण्याचं म्हणाल तर आम्ही हरकतीची मुदत दोन दिवस ठेवली होती, हंगामात संध्याकाळपर्यंत. ती राहू दे. पण आता ज्याच्या कामावर निर्णयाचा परिणाम होणार त्यानं ‘वाचलं, जमते’ किंवा ‘वाचलं, जमत नाही’ असं लिहिल्याशिवाय ‘ठरलं’ लिहायचं नाही असं करतो. नाही लिहिलं तर त्याला फोन. आणि साहेबांनी शेवटी बोलायचं. हे त्यांना कसं सांगायचं ते पाहतो.

---

मोहफूल | मंगळवार, रात्री ११:३३

गडचिरोलीतून. रेंज आत्ता आली म्हणून सगळं एकदम वाचलं. (हेच धाग्याचं सुख. चार जणांनी फोनवर बोलून टाकलं असतं तर मी कुठं होतो?)

साहेबांनी शेवटी बोलण्यावरून आठवलं. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं पहिल्यातलं गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ऐकली असेल. तिथं अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बोला, भांडा, बाहेरचा जाणकार बोलवा, कायदा वाचा, पण तिथं निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकालाही पटत नसेल तर विषय पुढे ढकलायचा.

आमच्या संस्थेत आम्ही त्याची नक्कल केली. एकाच विषयाचे दोन धागे. ‘तेंदू, चर्चा’ आणि ‘तेंदू, निर्णय’. चर्चेच्या धाग्यात कसंही लिहा, गोंडीत लिहा, आवाज टाका, चित्र टाका, कोणी व्याकरण पाहत नाही. निर्णयाच्या धाग्यात फक्त एक माणूस लिहितो, आणि तो लिहायच्या आधी फोन करून प्रत्येकाला विचारतो. वेळ लागतो. पण दोन वर्षांत एकदाही ‘मला माहीत नव्हतं’ ऐकलं नाही.

भुलाबाई, तुमची ताई चर्चेच्या धाग्यात बसेल असं वाटतं. कोरकूत बोलू द्या तिला.

---

तूर_आणि_तुरा | बुधवार, सकाळी १०:२०

एक राहिलं सगळ्यांचं. काही गोष्टींचा धागा काढायचाच नाही. मी कृषी सेवा केंद्र चालवतो, यवतमाळ जिल्हा. २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. फवारणाऱ्याला मळमळ, घाम, डोळ्यापुढे अंधारी आली तर ग्रुपवर फोटो टाकून ‘सर हे काय आहे’ विचारणारे मी पाहिले आहेत. आधी १०८ लावा, औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घ्या, माणसाला फवारणीतून बाहेर काढा, कपडे उतरवा, अंग धुवा. धागा नंतर, माणूस दवाखान्यात पोचल्यावर.

---

पऱ्हाटी | बुधवार, सकाळी १०:४१

शंभर टक्के. आमच्या ग्रुपच्या सगळ्यात वर हेच लावतो आता. विषबाधा, साप, अपघात, वीज: फोन.

---

लाईनमन_निवृत्त | बुधवार, सकाळी ११:०५

वीजही लिहिलं ते बरं केलं. तुटलेल्या तारेचा फोटो काढायला जवळ जाऊ नका, एवढंच.

---

ठेचा_भाकर | बुधवार, रात्री ९:१५

धागा फार लांब झाला म्हणायचं होतं, पण कापसाच्या मुलखात लांब धाग्यालाच भाव जास्त. २०२५-२६ चा हमीभाव लांबला क्विंटलमागे ८,११० होता, मध्यमला ७,७१०. तेव्हा चालू द्या.

---

पुसदचा_परतलेला | गुरुवार, सकाळी ९:५०

हा हा. मोहफूल यांच्या दोन धाग्यांच्या पद्धतीत एक धोका सांगून ठेवतो. चर्चा एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे असला की सहा महिन्यांनी ‘हे का ठरलं?’ कोणालाच सापडत नाही. निर्णयाच्या ओळीत चर्चेच्या धाग्याचा दुवा टाका. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो तसा.

---

मोहफूल | गुरुवार, रात्री १०:५८

टाकत नव्हतो. आजपासून टाकतो.

---

भुलाबाई | चार आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:१६

धागा वर काढते आहे. करून पाहिलं म्हणून सांगायला.

२२ जणींना चर्चेचे आणि निर्णयाचे वेगळे धागे करून दिले. पहिला आठवडा शांत. मग मी एका सभेत सगळ्यांसमोर माझेच जुने मेसेज वाचून दाखवले, त्यातल्या चुकांसकट. ‘बैठक’चं ‘बैटक’ मी तीनदा लिहिलं होतं. हसल्या सगळ्या. मग लिहायला लागल्या. हसण्याचं चिन्ह टाकायचं तर फक्त माझ्या मेसेजवर, असा नियम त्यांनीच केला.

शुक्रवारची बैठक आता मंगळवारी असते. ‘वाचलं, जमत नाही’ असं १३ जणींनी लिहिलं तेव्हा कळलं की शुक्रवार बहुतेकींना कधीच जमत नव्हता. मी दोन वर्षं घेत होते.

आणि ती ‘अनदान’वाली ताई. तिनं परवा स्वतःहून धागा काढला, फोनमध्ये बोलून. नाव दिलं, ‘बकरी लंगडते कोणाला सांगू’. खाली आवाज, कोरकूत. आमच्याकडच्या पशुसखीनं तासाभरात उत्तर दिलं, पायाचा फोटो मागवला, खुरात काटा मोडलेला निघाला. संध्याकाळी ताईनं शेवटची ओळ टाकली. तिनं लिहिलेली तशीच देते: ‘ठरल: काटा काडला. गुरवारी डागतर येते तवा दाकवू. तोवर बांदून.’

---

पऱ्हाटी | रविवार, दुपारी १:०३

ताई, वाचून फार बरं वाटलं. फक्त एक, धाग्याच्या नावात गाव राहिलं :)

---

भुलाबाई | रविवार, दुपारी १:२०

विचारलं होतं मी तिला. म्हणाली, बकरी माझी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, गाव कशाला लिहू.